मूस, टंच आणि चिप: जगातले चिपचे कारखाने एका गलाईवाल्याला समजावताना

आमचे तात्या कोइमतूरला गलाईचं दुकान चालवतात. विट्याच्या बाजूच्या माणसाला गलाई म्हणजे काय ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी एवढंच, की सोनाराकडचं जुनं, भेसळीचं सोनं वितळवायचं, तेजाबात घालून त्यातलं तांबं-चांदी काढायचं आणि शुद्ध सोनं परत द्यायचं, असा हा धंदा. खानापूर-आटपाडी हा दुष्काळी पट्टा. शेतात पिकेना तेव्हा आमच्याकडची माणसं मूस आणि भाता घेऊन देशभर गेली. आज कुठल्याही मोठ्या सराफ बाजाराच्या मागच्या गल्लीत जाऊन मराठीत हाक मारा, बहुतेक कोणी ना कोणी ओ देतं.

जत्रेला गावी आले होते तेव्हा तात्यांनी मला धरलं. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो, म्हणून असले प्रश्न माझ्या वाट्याला येतात.

"धोलेऱ्याला टाटांचा चिपचा कारखाना होतोय म्हणं. एक्क्याण्णव हजार कोटी! एवढ्या पैशात करणार काय हाईत? वाळूच वितळवायची हाय न्हवं? वाळू तर येरळेत ढिगानं पडलीया."

येरळेत आता वाळू ढिगानं वगैरे काही पडलेली नाही, ती कधीच ट्रॅक्टरमधून गेली. पण प्रश्न चांगला होता. चिप वाळूपासून बनते हे वाक्य सगळीकडे छापून येतं आणि त्यातून कुणाला काहीच कळत नाही. उसाचं रोप मातीतून येतं म्हणून साखर मातीपासून बनते म्हणण्यासारखं ते आहे. मग तात्यांच्याच धंद्यातले शब्द घेऊन मी त्यांना सांगत गेलो. दुपारभर चाललं. ते इथं लिहितोय.

तात्यांना टंच, म्हणजे धातूच्या शुद्धतेचं माप, कळतो, म्हणून तिथूनच सुरुवात केली. सोनं ९९.९ टंचाचं असलं की सोनार खूश. ९९.९९ म्हणजे डोक्यावरून पाणी. चिपसाठी सिलिकॉन लागतं ते ९९ नंतर टिंब देऊन आणखी सात ते नऊ वेळा ९ लिहावं इतकं शुद्ध. दहा हजार कोटी अणूंमागे एखादा परका अणू, हा त्यातला वरचा दर्जा. तात्यांनी हिशोब करायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

हे सिलिकॉन नदीच्या वाळूतून काढत नाहीत. त्यासाठी चांगल्या प्रतीची गारगोटी लागते. गारगोटी आणि कोळसा विजेच्या भट्टीत सुमारे दोन हजार अंशांना तापवला की ९८-९९ टक्के शुद्ध सिलिकॉन मिळतं. इथपर्यंतचं काम पुष्कळ देश करतात. खरी गलाई त्यापुढे आहे. त्या सिलिकॉनचं क्लोरीनबरोबरचं एक पातळ, लगेच उडून जाणारं रसायन करायचं, ते पुन्हा पुन्हा उकळवून, वाफ धरून स्वच्छ करायचं, आणि मग त्या वाफेतून परत शुद्ध सिलिकॉन जमवायचं. चिपला चालेल असं सिलिकॉन करणाऱ्या कंपन्या बोटांवर मोजण्याइतक्या. जर्मनीची वाकर, अमेरिकेची हेमलॉक, जपानची तोकुयामा ही त्यातली मोठी नावं.

ते मग मुशीत वितळवतात. सोनं १०६४ अंशांना वितळतं, सिलिकॉन १४१४ ला. इथली मूस मात्र अशी हवी की तिचा कणही रसात उतरता कामा नये, म्हणून ती अतिशुद्ध गारगोटीच्या भुकटीची करतात. ती भुकटी मुख्यतः कुठून येते? अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात स्प्रूस पाइन नावाचं दोनेक हजार वस्तीचं गाव आहे, तिथल्या डोंगरातून. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन वादळानं त्या गावात पूर आला, खाणी बंद पडल्या, आणि जगभरातल्या चिपवाल्यांनी श्वास रोखून धरला. काही आठवड्यांत काम परत सुरू झालं म्हणून निभावलं. आपल्याकडच्या एखाद्या ग्रामपंचायतीएवढं गाव, आणि त्यावर अख्ख्या जगाच्या मुशी.

वितळलेल्या रसात सिलिकॉनचा एक छोटा स्फटिक टेकवून, गरगर फिरवत अगदी हळू वर ओढतात. रस त्याला चिकटत चिकटत गोठतो आणि माणसाच्या उंचीची, एकसंध स्फटिकाची कांडी तयार होते. ही युक्ती पोलंडच्या यान चोक्राल्स्की या शास्त्रज्ञाला १९१६ मध्ये सापडली. त्यांनी टाक शाईच्या दौतीत बुडवायच्या ऐवजी चुकून शेजारच्या वितळलेल्या कथलात बुडवला आणि वर काढल्यावर टोकाला धातूची तार लोंबत आली, अशी कथा सांगतात. खरी असो नसो, कथील म्हटल्यावर तात्या सरसावून बसले.

ती कांडी कापून चकत्या करतात. व्यास ३०० मिलिमीटर, म्हणजे चांगल्या ज्वारीच्या भाकरीएवढा. जाडी पाऊण मिलिमीटर. याला वेफर म्हणतात, आणि हे नाव वर्गात काढलं की पोरं दरवर्षी त्याच जागी हसतात. या चकत्यांच्या व्यापारातला निम्म्याच्या आसपास वाटा शिन-एत्सू आणि सुमको या दोन जपानी कंपन्यांकडे आहे.

एवढं होईपर्यंत आपण चिपच्या कारखान्याच्या दारातसुद्धा पोचलेलो नाही, हे तात्यांच्या लक्षात आलं. "म्हंजे एक्क्याण्णव हजार कोटीत ह्यातलं कायच न्हाई?" काहीच नाही. चकती बाहेरून विकत आणायची.

आत काय चालतं

दारात रांगोळी काढायचा पत्र्याचा छाप असतो. छाप ठेवायचा, रांगोळी टाकायची, छाप उचलायचा. मग दुसऱ्या रंगाचा दुसरा छाप, बरोबर पहिल्यावर बसेल असा. चिपचं काम मुळात हेच. चकतीवर उजेडाला संवेदनशील असा पातळ लेप लावतात. वरून छापातून उजेड सोडतात. जिथं उजेड पडला तिथला लेप धुतला जातो, उघड्या पडलेल्या जागी कोरतात, भरतात, घासून सपाट करतात. मग पुढचा थर. असे अनेक डझन थर, मिळून हजाराच्या घरात पायऱ्या, आणि एक चकती कारखान्यात आत गेल्यापासून बाहेर यायला साधारण तीन महिने. दुसरा छाप पहिल्यावर बसताना केसाच्या जाडीच्या काही हजाराव्या भागाएवढीही चूक चालत नाही.

मधल्या पायऱ्यांमध्ये एक गोष्ट तात्यांना फार आवडली. एवढा जीव काढून जे सिलिकॉन शुद्ध केलं, त्यात आता मोजून भेसळ घालायची. कुठे बोरॉन, कुठे फॉस्फरस, अगदी किंचित. शुद्ध सिलिकॉन वीज धड वाहू देत नाही आणि धड अडवतही नाही. भेसळ घातली की कुठून वीज जाईल आणि कुठून नाही हे आपल्या हातात येतं, आणि त्यातून ट्रान्झिस्टर नावाचा बारीकसा नळ तयार होतो, जो विजेच्याच इशाऱ्यावर उघडतो आणि मिटतो. असे नळ एकमेकांना जोडले की गणित होतं, फोटो दिसतो, पैसे जातात. २०२३ मध्ये आलेल्या आयफोनमधल्या ए१७ प्रो चिपमध्ये असे १९०० कोटी नळ आहेत.

"म्हंजे बावीस कॅरेटच की," तात्या म्हणाले. "चोख सोन्याचा दागिना कुठं हुतोय? आधी सगळं काढायचं, मग आपल्या हिशोबानं घालायचं." मी वर्गात यापेक्षा चांगलं समजावलेलं नाही.

आता पैसे कुठे जातात ते. एक तर हवेत. तात्यांच्या दुकानातली काजळी बघितली तर चिपवाल्याला चक्कर येईल. मिरजेच्या चांगल्यात चांगल्या ऑपरेशन थिएटरपेक्षा या कारखान्यातली हवा कितीतरी पटींनी स्वच्छ असते. माणसं डोळे सोडून सगळं झाकून आत जातात आणि चकत्या बंद डब्यांतून, छताला लटकणाऱ्या गाड्यांतून आपोआप फिरतात. दिवे पिवळे असतात, कारण निळसर उजेडानं तो लेप खराब होतो. मग पाणी, इतकं शुद्ध की त्यात मीठ-क्षार काहीच नाही. मग वीज. विट्यात लाईट गेली की यंत्रमाग थांबतो, आली की धागा जोडून परत सुरू. इथं क्षणभर दिवा मिचकावला तर चालू असलेल्या चकत्या टाकून द्याव्या लागू शकतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासला थंडीच्या लाटेत वीज तुटली, तेव्हा ऑस्टिनमधला सॅमसंगचा कारखाना पूर्ववत व्हायला महिन्याहून जास्त वेळ लागला.

पण सर्वात जास्त पैसा जातो यंत्रांत. आणि यंत्रांत एक यंत्र असं आहे की त्याच्याबद्दल बोलताना माझा आवाज अजूनही चढतो.

छाप जितका बारीक हवा, तितका उजेडही बारीक लहरीचा हवा. साध्या उजेडात हे काम होत नाही. सर्वात पुढच्या चिपसाठी १३.५ नॅनोमीटर (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) लहरीचा उजेड लागतो, आणि तो कुठल्याही दिव्यातून मिळत नाही. मग काय करतात? वितळलेल्या कथलाचे थेंब निर्वात पेटीत सोडतात, सेकंदाला पन्नास हजार. प्रत्येक थेंब उडत असतानाच त्याला लेझरचे दोन फटके मारतात. पहिल्या फटक्यानं थेंब चपटा होतो, दुसऱ्यानं त्याची जळती वाफ होते आणि तीतून तो उजेड निघतो. हा उजेड इतका लाजरा की हवेत शोषला जातो, काचेत शोषला जातो. म्हणून भिंगं नाहीत, फक्त आरसे, आणि तेही जगात सर्वात गुळगुळीत म्हणता येतील असे. आरसे जर्मनीच्या झाइस कंपनीचे, लेझर जर्मनीच्याच ट्रुम्फचा. हे सगळं जोडून यंत्र उभं करणारी जगातली एकच कंपनी म्हणजे नेदरलँड्समधल्या फेल्डहोफेन गावची एएसएमएल. १९८४ मध्ये फिलिप्सच्या अंगणात एका पत्र्याच्या शेडमध्ये सुरू झालेली. एका यंत्राचं वजन सुमारे १८० टन, किंमत दीड हजार कोटी रुपयांच्या घरात, आणि ते विमानांतून सुटं करून न्यावं लागतं.

तात्या बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पन्नास हजार थेंब. शेकंदाला." आणि चहा सांगितला.

सोनार आणि गलाईवाला

जगाच्या नकाशाकडे यायच्या आधी एक माणूस भेटायला हवा. मॉरिस चँग. जन्म १९३१ चा, चीनमधल्या निंगबोचा. अमेरिकेत शिकले, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये पाव शतक काढलं. ही तीच कंपनी, जिथं १९५८ मध्ये जॅक किल्बी यांनी पहिलं इंटिग्रेटेड सर्किट, म्हणजे आजच्या चिपचा मूळ पुरुष, केलं होतं. पुढे तैवान सरकारनं चँगना बोलावलं, आणि १९८७ मध्ये त्यांनी तिथं टीएसएमसी काढली.

तोवर चिप आखणारा आणि बनवणारा एकच असे. चँग म्हणाले, मी फक्त बनवीन. माझ्या नावाची एकही चिप बाजारात आणणार नाही. तुमचं डिझाइन आणा, मी करून देतो.

ही कल्पना तेव्हा पुष्कळांना वेडेपणाची वाटली, पण तात्यांना ती समजावून सांगावी लागली नाही. सोनार आपलं सोनं गलाईवाल्याच्या हातात डोळे मिटून का देतो? कारण गलाईवाला दागिन्यांचं दुकान काढत नाही. ज्या दिवशी तो शोकेस लावेल, त्या दिवशी सोनार दुसरीकडे जाईल. एनव्हिडिया, क्वालकॉम, एएमडी, ॲपल या सगळ्यांच्या डिझाइनमध्ये त्यांचा जीव असतो. त्या एकमेकींच्या वैरी आहेत, आणि तरी सगळ्या एकाच भट्टीवर येतात, कारण भट्टीवाला त्यांच्यापैकी कुणाचाच प्रतिस्पर्धी नाही. एनव्हिडियाचा स्वतःचा चिपचा कारखाना नाही, हे ऐकून तात्यांना धक्का बसला. (अशा दुसऱ्यासाठी चिप बनवणाऱ्या कारखान्याला त्या धंद्यात फौंड्री म्हणतात. कुपवाडच्या एमआयडीसीत फौंड्री म्हटलं की लोखंडाचा रस डोळ्यांपुढे येतो, त्यामुळे आमच्याकडच्या पोरांचा यात हमखास घोटाळा होतो.)

एकदा सगळी गिऱ्हाइकं एका दारात आली की हात बसत जातो. साखर कारखान्यात जसा उतारा, तसा चिपच्या कारखान्यात चकतीमागे किती चिपा चांगल्या निघाल्या याचा उतारा असतो. नवीन पिढीच्या चिपचा उतारा आधी वाईट असतो आणि चुका शोधत शोधत वर न्यावा लागतो. जास्त चकत्या म्हणजे जास्त चुका, जास्त शिकणं, चांगला उतारा, आणखी गिऱ्हाईक. हे चक्र तैवानात तीस-पस्तीस वर्षं फिरत आलंय. सिंचूच्या सायन्स पार्कमध्ये कारखाना, शेजारी यंत्रं दुरुस्त करणारा, त्याच्या शेजारी रसायन पुरवणारा, पलीकडे विद्यापीठ. रात्री दोनला पंप बिघडला तर तो सोडवायला पंधरा मिनिटांत माणूस येतो. याला मी गलाईचं गाव म्हणतो, आणि माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीत आहे. कारखाना पैशानं बांधता येतो. गाव तसं बांधता येत नाही. मिरजेत सतारीचा भोपळा बघून ओळखणारा, तारा लावणारा आणि जवारी काढणारा एकाच गल्लीत राहतो, म्हणून मिरजेची सतार होते. तेच हे, फक्त लाख पटींनी महाग.

आता नकाशा. सर्वात पुढच्या चिपा, म्हणजे प्रगत मोबाईलच्या आणि एआयच्या, दहापैकी साधारण नऊ तैवानात होतात. जवळपास सगळ्या टीएसएमसीच्या सिंचू, तायचुंग, ताइनान आणि काओशुंगच्या कारखान्यांत. (तीन नॅनोमीटर, दोन नॅनोमीटर ही जी नावं जाहिरातीत येतात ती आता पिढीची नावं समजावीत. चिपवर पट्टी लावली तर तेवढं मोजून काही सापडत नाही.) दक्षिण कोरियाचं राज्य स्मरणशक्तीवर, म्हणजे मेमरी चिपवर. सॅमसंगचे प्योंगटेक आणि ह्वासोंगला, एसके हायनिक्सचे इचॉन आणि चॉन्गजूला अवाढव्य कारखाने आहेत. या दोन आणि अमेरिकेची मायक्रॉन अशा तिघींनी मिळून संगणकातल्या डीरॅम मेमरीचा जवळजवळ सगळा बाजार व्यापलाय.

जपान एके काळी पहिल्या रांगेत होता. आता तो स्वतः कमी चिपा करतो, पण रसायनं, लेप आणि चकत्यांवर त्याची पकड आहे. ती किती घट्ट आहे हे जुलै २०१९ मध्ये कळलं. कोरियाशी बिनसल्यावर जपाननं फक्त तीन वस्तूंच्या निर्यातीवर लगाम घातला, त्यात उजेडाला संवेदनशील तो लेप एक होता, आणि कोरियातल्या बलाढ्य कंपन्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

अमेरिकेत तर हा धंदा जन्मला. तरी जगातल्या चिप बनवण्याच्या क्षमतेतला तिचा वाटा १९९० मध्ये ३७ टक्के होता, तो २०२० पर्यंत १२ टक्क्यांवर आला. आखणं तिनं स्वतःकडे ठेवलं, भट्टी बाहेर जाऊ दिली. त्याचा पश्चात्ताप म्हणून ऑगस्ट २०२२ मध्ये ५२ अब्ज डॉलरचा चिप्स कायदा आला. इंटेल ओरेगन आणि ॲरिझोनात पूर्वीपासून होतीच, आता टीएसएमसीसुद्धा ॲरिझोनात आलीय. तो कारखाना जाहीर झाला मे २०२० मध्ये आणि तिथं चार नॅनोमीटर पिढीच्या चिपा निघू लागल्या २०२४ च्या अखेरीस. मधल्या काळात कुशल माणसं मिळेनात म्हणून वेळापत्रक घसरलं आणि तैवानहून माणसं आणावी लागली. पैसा, जमीन, सरकार सगळं पाठीशी असताना ही गत. गाव नव्हतं.

युरोपात जर्मनीचं ड्रेसडेन हे चिपचं शहर. इन्फिनिऑन, बॉश, ग्लोबल फौंड्रीज तिथं आहेत, आणि टीएसएमसीनंही तिथं कुदळ मारलीय. जपानच्या कुमामोतोत टीएसएमसीचा कारखाना फेब्रुवारी २०२४ मध्ये उघडला. आयर्लंड, इस्रायल, सिंगापूर इथंही चकत्या निघतात.

चीनची गोष्ट वेगळी. शांघायची एसएमआयसी, वुहानची वायएमटीसी, हफेची सीएक्सएमटी असे मोठे कारखाने तिथं आहेत आणि साध्या चिपांत चीन झपाट्यानं वाढतोय. पण ते कथलाच्या थेंबांचं यंत्र त्याला मिळत नाही, कारण नेदरलँड्सनं परवाना दिलेला नाही. ऑक्टोबर २०२२ पासून अमेरिकेनं इतर यंत्रांवरही निर्बंध घातले. तरी २०२३ मध्ये हुआवेच्या एका फोनमध्ये एसएमआयसीनं बनवलेली सात नॅनोमीटर पिढीची चिप निघाली. जुन्या यंत्रावर तोच छाप पुन्हा पुन्हा मारून हे साधतं, खर्च जास्त आणि उतारा कमी धरून. भाता मिळाला नाही तर फुंकणीनं भट्टी पेटवणं यालाच म्हणतात. हसण्यासारखं त्यात काही नाही, भट्टी पेटलीय.

हरिपूरची पेवं

"पण एकाच जागी एवढं सगळं," तात्या म्हणाले, "हे बरं न्हवं."

सांगलीच्या माणसाला हे कुणी सांगायला नको. आमची हळद हरिपूरच्या पेवांत राहायची. जमिनीत खोल खणलेली, तोंडाला अरुंद आणि पोटाला रुंद अशी पेवं. तिथली मातीच अशी, की वर्षानुवर्षं हळदीला कीड नाही की ओल नाही. लांबून आलेली हळदसुद्धा तिथं ठेवत. इतकी चांगली सोय, की दुसरीकडे कशाला ठेवायची? मग २००५ चा महापूर आला. कृष्णेचं पाणी पेवांत शिरलं, हळद गेली आणि बहुतेक पेवं ढासळली ती गेलीच. नंतर हळद गोदामांत आणि शीतगृहांत गेली.

तैवान हे जगाचं पेव आहे. २१ सप्टेंबर १९९९ ला तिथं मोठा भूकंप झाला, ३ एप्रिल २०२४ ला पुन्हा एक. यंत्रं थांबली, माणसं बाहेर काढली, आणि कौतुकाची गोष्ट म्हणजे थोड्या दिवसांत काम सुरूही झालं. २०२१ मध्ये दुष्काळ पडला. धरणं आटली तेव्हा सरकारनं हजारो हेक्टर भातशेतीचं पाणी तोडून, शेतकऱ्यांना भरपाई देऊन, कारखाने चालू ठेवले, आणि टीएसएमसीनं पाण्याचे टँकर लावले. चिपच्या कारखान्याच्या दारात टँकरची रांग! हे चित्र आटपाडीच्या माणसाइतकं दुसऱ्या कुणाला कळणार? शिवाय चीन तैवानला आपला भाग मानतो, हे वर आहेच.

म्हणून प्रत्येक देशाला आता स्वतःच्या अंगणात छोटं का होईना एक पेव हवंय. आणि गरज फक्त महागड्या चिपांची नाही. २०२१ मध्ये गाडी बुक करून महिनोन् महिने थांबलेले लोक आठवतात? गाड्या अडल्या होत्या त्या साध्या, जुन्या पिढीच्या, काही डॉलर किमतीच्या चिपांवाचून. त्याच मार्चमध्ये जपानमधल्या हिताचिनाका शहरातला रेनेसास कंपनीचा कारखाना आगीत सापडला आणि टंचाईत भर पडली. काच खाली-वर करणारी, ब्रेक सांभाळणारी, मीटर दाखवणारी चिप तीन नॅनोमीटरची नसते, असायची गरजही नाही.

आगीवरून आपली गोष्ट. भारतानं हा विचार आत्ता केलेला नाही. मोहालीला सरकारी सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सनं १९८४ मध्ये उत्पादन सुरू केलं, म्हणजे टीएसएमसीच्या जन्माच्या तीन वर्षं आधी. फेब्रुवारी १९८९ मध्ये तिथं आग लागली आणि कारखाना खाक झाला. पुढे तो उभा राहिला, आज तिथं अवकाश आणि संरक्षणासाठी चिपा होतात, पण शर्यतीतली ती वर्षं परत आली नाहीत. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्रानं ७६ हजार कोटींची योजना आणली. मग आपल्या राज्यात तो तळेगावचा गदारोळ: वेदांता आणि फॉक्सकॉन या कंपन्यांचा चिपचा कारखाना इथं येणार येणार म्हणता सप्टेंबर २०२२ मध्ये गुजरातला गेला. भांडण खूप झालं. जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉननंच अंग काढून घेतलं आणि जो कारखाना आपल्याकडून गेला म्हणून आपण रडलो तो तिथंही झाला नाही. माझं मत विचाराल तर त्या भांडणात एकानंही विचारलं नाही की तंत्र कोण देणार आहे. चकतीवर छाप मारायची सिद्ध झालेली कृती त्या दोघांपैकी कुणाकडेच नव्हती.

धोलेऱ्यात ती चूक टाळलीय. टाटांबरोबर तैवानची पीएसएमसी आहे, कृती तिची. फेब्रुवारी २०२४ मध्ये मंजुरी, महिन्याला ५० हजार चकत्यांचं लक्ष्य, आणि पिढी २८ नॅनोमीटर किंवा त्याहून जुनी. 'जुनी' हा शब्द ऐकून नाक मुरडणारे आहेत. मी त्यांतला नाही. गाडी, मीटर, चार्जर, कपडे धुण्याचं मशीन यांना हेच लागतं, आणि ज्यानं अजून गूळ केला नाही त्यानं साखरेच्या निर्यातीची स्वप्नं बघू नयेत.

त्याहून आधी सुरू होतंय ते शेवटचं काम: चकती कापून सुट्या चिपा करणं, तपासणं आणि पायांसकट डबीत बसवणं. मलेशियातलं पेनांग यात मुरलेलं, इंटेल तिथं १९७२ पासून आहे. आपल्याकडे गुजरातेत साणंदला मायक्रॉन आणि इतर, आसामात जागीरोडला टाटा. कमी भांडवलाचं, जास्त हातांचं काम. पोरांचा हात बसायला सुरुवात इथूनच होईल असं मला वाटतं, कारण पेनांगमध्येही गाव असंच वसत गेलं.

डबीत बसवताना चिपवरच्या टोकापासून डबीच्या पायापर्यंत केसाहून बारीक तारा टाचतात, हे मी सांगितलं. कसल्या तारा, त्यांनी विचारलं. सोन्याच्या, मी म्हणालो.

तात्या ताठ बसले. "मग आमच्याकडं येतंय की हे! जुन्या मोबाईलच्या पाट्या घेऊन येत्यात पोरं. आपल्याला ठावंच न्हवतं ही तार कुठनं आली ती."

खरंच आहे. एक टन खनिजात सापडेल त्याच्या कितीतरी पट सोनं एक टन जुन्या मोबाईलमध्ये असतं. उघड्यावर तेजाबात पाट्या बुडवून ते काढणं मात्र फुप्फुसांना आणि विहिरींना महागात पडतं, आणि त्यासाठी परवाना असलेले कारखाने आहेत, हेही मी त्यांना सांगितलं. ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. त्यांच्या डोक्यात वेगळंच चाललेलं.

"साणंदला तार सोन्याचीच वापरणार का रं?"

"काही ठिकाणी. बाकी आता तांब्याची वापरतात तात्या, स्वस्त पडते म्हणून."

"तांब्याची?" त्यांनी कप खाली ठेवला आणि चपला शोधायला लागले. "मग बसू दे त्यांचं त्यांना."